प्रकाश आणि उत्प्रेरकाच्या मदतीने ऑक्सिडीकरण: पहिला प्रयोग कसा उभारावा

बेंझिलिक अल्कोहोलचे अल्डिहाइड करायचे म्हटले की क्रोमियमची संयुगे किंवा मँगनीज डायऑक्साइड आठवते. दोन्ही काम चोख करतात, पण थोड्याशा मालामागे कितीतरी जड धातूचा गाळ उरतो आणि त्याची विल्हेवाट ही वेगळीच डोकेदुखी होऊन बसते. प्रकाशाच्या वाटेने गेल्यास ऑक्सिडीकारक म्हणून हवेतला ऑक्सिजन पुरतो, आणि उत्प्रेरक काही मिलिग्रॅमच लागतो.

तरीही नवशिक्यांचे पहिले दोन-तीन प्रयोग बहुधा फसतात. दिवा लावला, स्टरर फिरवला, रात्रभर ठेवले आणि सकाळी टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीत) सुरुवातीचाच ठिपका दिसला, असे होते. कारण बहुतेक वेळा एकच असते. अल्कोहोल आणि उत्प्रेरक चार दशांश स्थळांपर्यंत तोलले जातात, पण प्रकाश आणि ऑक्सिजन कुणीच मोजत नाही. हे दोघेही अभिक्रियाकारक आहेत. त्यांचाही मोलमध्ये हिशेब मांडायचा, हे या लेखातले मुख्य सांगणे आहे.

लेख रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, फ्यूम हूडखाली काम करणाऱ्यांसाठी आहे. घरी करून पाहण्याचे हे प्रयोग नाहीत.

आधी वाट ठरवा

प्रकाशाने होणाऱ्या ऑक्सिडीकरणाच्या तीन वाटा नेहमी भेटतात.

पहिली अर्धवाहकाची. टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणावर पुरेशा ऊर्जेचा फोटॉन पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उडी मारतो आणि मागे धन छिद्र राहते. हे छिद्र अतिशय जोरकस ऑक्सिडीकारक असते. पाण्यात त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि समोर येईल ते सेंद्रिय संयुग हळूहळू कार्बन डायऑक्साइडपर्यंत जाळत नेतात. सांडपाणी स्वच्छ करायला ही वाट उत्तम. अल्डिहाइडवर थांबायचे असेल तर पाण्यात ती वापरू नका.

दुसरी इलेक्ट्रॉन हस्तांतरणाची. फ्लेविन किंवा अँथ्राक्विनोनसारखा रंगीत रेणू प्रकाश शोषतो आणि उत्तेजित अवस्थेत समोरच्या संयुगाचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. पुढे प्रोटॉन सुटतो, अल्डिहाइड तयार होते, आणि क्षपण झालेल्या उत्प्रेरकाला ऑक्सिजन पुन्हा मूळ रूपात आणतो. या शेवटच्या पायरीत हायड्रोजन पेरॉक्साइड बनतो. तो विसरायचा नाही, पुढे त्याचे काम पडणार आहे.

तिसरी सिंगलेट ऑक्सिजनची. रोझ बेंगाल किंवा मिथिलीन ब्लू यांसारखा रंग प्रकाश शोषून आपली ऊर्जा सरळ ऑक्सिजनच्या रेणूला देतो. मग साध्या ऑक्सिजनपेक्षा ९४ किलोज्यूल प्रति मोल वर बसलेला हा ऑक्सिजन सल्फाइड, अल्कीन आणि डाईन यांच्यावर तुटून पडतो.

पहिल्या प्रयोगासाठी दुसरी वाट घ्यावी. रंगावरून आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते, उत्पादित ओळखायला सोपे असते आणि चूक झाली तर ती शोधता येते. ४-मिथॉक्सिबेंझिल अल्कोहोलपासून ४-मिथॉक्सिबेंझाल्डिहाइड, म्हणजे ॲनिसाल्डिहाइड, हा त्यासाठी नेमका धडा आहे. मिथॉक्सी गटामुळे कड्यावर इलेक्ट्रॉन भरपूर असतात, त्यामुळे उत्तेजित फ्लेविनला इलेक्ट्रॉन काढणे सोपे जाते. साध्या बेंझिल अल्कोहोलने सुरुवात केली तर अभिक्रिया फारच रेंगाळते आणि दोष आपल्या मांडणीचा आहे की संयुगाचा, हेच कळत नाही.

साहित्य

उत्प्रेरक म्हणून रायबोफ्लेविन टेट्राॲसिटेट घ्या. साधे रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व बी-२, स्वस्त असते म्हणून मोह होतो. पण प्रकाशात त्याची साखरेसारखी बाजूची साखळी तुटते आणि त्याचे ल्युमिक्रोम होते. हे ल्युमिक्रोम निळा प्रकाश जवळजवळ शोषतच नाही, म्हणजे दिवा चालू राहतो आणि उत्प्रेरक मेलेला असतो. ॲसिटेट गटांनी साखळी झाकली की तो बराच जास्त टिकतो.

दिवा ४५० ते ४५५ नॅनोमीटरचा निळा एलईडी, १० वॅटच्या आसपासचा, ॲल्युमिनियमच्या उष्णताशोषकावर बसवलेला. या फ्लेविनचे दृश्य पट्ट्यातले शोषण ४४५ नॅनोमीटरच्या जवळ सर्वाधिक असते, त्यामुळे जोडी जमते. पांढरा एलईडी वापरू नका. त्यातला निम्म्याहून जास्त प्रकाश हिरवा, पिवळा आणि लाल असतो, आणि फ्लेविन तो पाहतसुद्धा नाही.

भांडे ५० मिलिलिटरचा गोल बुडाचा बोरोसिलिकेट फ्लास्क. ही काच साधारण ३०० नॅनोमीटरच्या वरचा प्रकाश आत जाऊ देते, त्यामुळे निळ्या प्रकाशासाठी किंवा ३६५ नॅनोमीटरच्या एलईडीसाठी क्वार्ट्झवर खर्च करण्याची गरज नाही. याशिवाय चुंबकी स्टरर, रबरी सेप्टम, एक बारीक सुई, छोटा पंखा, ॲल्युमिनियम फॉइल, पेरॉक्साइड तपासण्याच्या पट्ट्या आणि निळा प्रकाश अडवणारा नारिंगी चष्मा.

चष्म्यात तडजोड नाही. उघड्या डोळ्यांनी जवळून पाहिलेला तीव्र निळा प्रकाश दृष्टिपटलाला इजा करतो, आणि ३६५ नॅनोमीटरचा दिवा तर डोळ्यांना फिकट जांभळा, मंद भासतो, म्हणून जास्त फसवा. सगळ्या मांडणीभोवती फॉइल लावलेला पुठ्ठ्याचा आडोसा करा. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्यांचेही डोळे आहेत.

ऑक्सिजनचा आणि प्रकाशाचा हिशेब

आपण ०.१ मिलिमोल अल्कोहोल १० मिलिलिटर द्रावकात घेणार आहोत. प्रत्येक रेणूमागे ऑक्सिजनचा एक रेणू लागतो, म्हणजे ०.१ मिलिमोल ऑक्सिजन. २५ अंश सेल्सियसला तो २.४ मिलिलिटर होतो, आणि तेवढा मिळवायला सुमारे १२ मिलिलिटर हवा लागते.

आता हेच १० मिलिलिटर द्रावण २० मिलिलिटरच्या व्हायलमध्ये भरून झाकण घट्ट लावले तर? वर १० मिलिलिटर हवा उरते. तिच्यात २.१ मिलिलिटर, म्हणजे ०.०८६ मिलिमोल ऑक्सिजन असतो. द्रावणात विरघळलेला मिळवला तरी सगळे अल्कोहोल संपवायला तो पुरत नाही, आणि शेवटच्या टप्प्यात उरलेला ऑक्सिजन इतका विरळ होतो की वेग आधीच कोसळतो. ‘रूपांतर ७० टक्क्यांवर अडकते’ ही तक्रार ऐकली की उत्प्रेरकावर संशय घेण्याआधी व्हायलमधली रिकामी जागा मोजावी. ५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये वर ४० मिलिलिटर हवा राहते, म्हणजे ०.३४ मिलिमोल ऑक्सिजन. गरजेच्या तिपटीहून जास्त.

शुद्ध ऑक्सिजनचा फुगा लावण्याची घाई मात्र नको. ज्वलनशील द्रावक, तापलेला दिवा आणि शुद्ध ऑक्सिजन हे त्रिकूट आगीला आमंत्रण आहे. शिवाय फ्लेविनच्या बाबतीत जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त वेग असे सरळ गणित नाही, कारण ऑक्सिजन उत्तेजित फ्लेविनची ऊर्जा परस्पर काढूनही घेतो. हवा पुरेशी आहे.

प्रकाशाकडे वळू. ४५५ नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनांची ऊर्जा २६३ किलोज्यूल असते. म्हणजे द्रावणाने खरोखर १ वॅट प्रकाश शोषला तर त्याला सेकंदाला ३.८ मायक्रोमोल फोटॉन मिळतात. समजा शंभर शोषलेल्या फोटॉनांमागे एक रेणू बदलतो. मग १०० मायक्रोमोल अल्कोहोलसाठी १०,००० मायक्रोमोल फोटॉन लागतील, आणि वेळ लागेल साधारण ४४ मिनिटे. प्रत्यक्षात अल्कोहोल कमी होत जाते तसा वेग मंदावतो, म्हणून दोन-अडीच तास धरून चाला. पण या आकड्याचा खरा उपयोग वेगळा आहे. तुमच्याकडे चोवीस तासांत दहा टक्केच झाले, तर हिशेब सांगतो की प्रकाश द्रावणापर्यंत पोहोचतच नाही किंवा उत्प्रेरक मेला आहे. आणखी चोवीस तास ठेवून काही हाती लागणार नाही.

दिव्यावर लिहिलेले १० वॅट विजेचे असतात. त्यातला एक भाग प्रकाश होतो, बाकीची उष्णता, आणि प्रकाशातलाही काहीच भाग फ्लास्कवर पडतो. नेमका आकडा हवा असेल तर पोटॅशियम फेरीऑक्झालेटची पद्धत वापरा. हॅचर्ड आणि पार्कर यांनी १९५६ मध्ये ती पक्की केली आणि आजही ती चालते. प्रकाशाने लोह-तीनचे लोह-दोन होते, फेनँथ्रोलिन घातल्यावर त्याचा नारिंगी-लाल रंग येतो, आणि ५१० नॅनोमीटरला त्याचे शोषण मोजायचे. तिथला मोलर शोषणांक ११,१०० आहे. निळ्या प्रकाशासाठी ०.१५ मोलर इतके दाट द्रावण लागते, कारण विरळ द्रावण निळा प्रकाश पुरेसा अडवत नाही. ते द्रावण अंधूक लाल दिव्यातच हाताळा.

कृती

१. अल्कोहोल तोलण्याआधी बाटली पाहा. ४-मिथॉक्सिबेंझिल अल्कोहोल २४ अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे थंड खोलीत ते गोठलेले आणि उबदार खोलीत तेलासारखे असते. अर्धवट गोठलेले असेल तर कोमट पाण्यात धरून पूर्ण वितळवा. जुन्या बाटलीत थोडे ॲनिसाल्डिहाइड आधीच तयार झालेले असते. एक टीएलसी किंवा एनएमआर (न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स) वर्णपट घेऊन ते आधीच नोंदवा, नाहीतर ते तुमच्या उत्पादितात जमा होईल.

२. साठा द्रावण करा. १३८ मिलिग्रॅम अल्कोहोल ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवून १० मिलिलिटर करा. याच्या १ मिलिलिटरमध्ये बरोबर ०.१ मिलिमोल येते. दरवेळी १३.८ मिलिग्रॅम तेल तोलण्याच्या नादाला लागू नका.

३. फ्लास्कमध्ये ५.४ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन टेट्राॲसिटेट घ्या, म्हणजे अल्कोहोलच्या १० मोल टक्के. त्यावर ४ मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल, १ मिलिलिटर साठा द्रावण आणि ५ मिलिलिटर पाणी घाला. पाणी निव्वळ भर म्हणून नाही, शुद्ध ॲसिटोनायट्राइलमध्ये अभिक्रिया मंद होते. हे सगळे मंद उजेडात करा. द्रावण स्वच्छ पिवळे दिसले पाहिजे. तळाशी कण दिसत असतील तर फॉइल गुंडाळून दहा मिनिटे ढवळा.

४. सेप्टम लावून त्यातून बारीक सुई खोचून ठेवा, म्हणजे आत दाब साठणार नाही आणि द्रावकही फारसा उडणार नाही.

५. दिवा न लावता पहिला नमुना, ०.२ मिलिलिटर, काढून फॉइलमधल्या छोट्या व्हायलमध्ये ठेवा. हा शून्य मिनिटांचा नमुना. घाईत तोच राहून जातो, आणि मग तुलना कशाशी करायची हा प्रश्न पडतो.

६. एलईडी फ्लास्कपासून ३ सेंटिमीटरवर, बाजूने, द्रावणाच्या पातळीला समोर बसवा. दोघांच्याही जागा टेबलावर चिकटपट्टीने आखून घ्या. बिंदूसारख्या स्रोतापासून अंतर ५ वरून ७ सेंटिमीटर झाले की प्रकाश जवळपास निम्मा होतो. आज आणि पुढच्या आठवड्यात वेगळे आकडे येण्यामागे पुष्कळदा हा दोन सेंटिमीटरचा फरकच असतो.

७. पंखा लावा, स्टरर जोरात फिरवा, मग दिवा सुरू करा. पंधरा मिनिटांनी द्रावणाचे तापमान पाहा, टेबलाचे नव्हे. ते २५ ते ३० अंशांत राहायला हवे. ४० च्या वर गेले तर फ्लास्क पाण्याच्या पारदर्शक भांड्यात बसवा.

८. १५, ३०, ६०, १२० मिनिटांनी ०.२ मिलिलिटर नमुने काढा. प्रत्येक वेळी दिवा बंद करून काढा आणि नमुना लगेच अंधारात ठेवा. व्हायल खिडकीशी राहिली तर अभिक्रिया तिथेही चालू राहते.

ढवळण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. या द्रावणात उत्प्रेरक १ मिलिमोलर आहे आणि त्याचा मोलर शोषणांक १२ हजारांच्या घरात. म्हणजे दर सेंटिमीटरला शोषण १२, आणि ९० टक्के निळा प्रकाश काचेलगतच्या पहिल्या ०.८ मिलिमीटरमध्येच संपतो. फ्लास्कचा उरलेला सगळा भाग अंधारात असतो. म्हणून द्रावण सतत काचेजवळ येत राहिले पाहिजे, आणि म्हणूनच ‘वेग कमी आहे, उत्प्रेरक वाढवा’ हा उपाय इथे चालत नाही. उत्प्रेरक दुप्पट केला तर उजेडाची ती पातळ साल आणखी पातळ होते. पहिला प्रयोग जमला की उत्प्रेरक ५ आणि २ मोल टक्क्यांवर आणून पाहा. बऱ्याचदा वेग तेवढाच राहतो, फक्त उत्प्रेरक लवकर झिजतो.

तुलनेचे प्रयोग

हे केल्याशिवाय निकालावर विश्वास ठेवू नका. चार फ्लास्क लावा, त्यांतल्या तिघांत एकेकच गोष्ट वगळलेली. एकात प्रकाश नाही, एकात उत्प्रेरक नाही, एकात ऑक्सिजन नाही आणि चौथ्यात सगळे आहे.

प्रकाशाविना असलेला फ्लास्क कपाटात ठेवायचा नाही. तो फॉइलमध्ये गुंडाळून त्याच दिव्यासमोर, त्याच पंख्याखाली ठेवा, म्हणजे त्याला तीच उष्णता मिळेल. तरच फरक प्रकाशाचा आहे असे म्हणता येईल. ऑक्सिजनविना फ्लास्कमधून निदान १५ मिनिटे आर्गॉन किंवा नायट्रोजन बुडबुडवा, सुई द्रावणात खोल बुडवून. या फ्लास्कमध्ये एक सुंदर गोष्ट दिसते. दिवा लागल्यावर थोड्या वेळात पिवळा रंग आणि हिरवट चमक उतरते, कारण फ्लेविनचे क्षपण होते आणि त्याला परत आणायला ऑक्सिजन नसतो. सेप्टम उघडून फ्लास्क हलवला की पिवळा रंग क्षणात परततो. उत्प्रेरकाचे चक्र असे डोळ्यांसमोर उलगडताना एकदा तरी पाहावे.

निकाल वाचणे

टीएलसीसाठी हेक्झेन आणि एथिल ॲसिटेट ७:३. अल्डिहाइड वर चढते, अल्कोहोल खाली राहते, फ्लेविन जवळजवळ तळाशीच पिवळे चमकते. २,४-डायनायट्रोफेनिलहायड्रॅझिनचा फवारा मारला की फक्त अल्डिहाइडचा ठिपका नारिंगी होतो.

टक्केवारीसाठी एनएमआर घ्या. संपलेल्या अभिक्रियेतून नेमके १ मिलिलिटर घ्या, त्यात तुलनेचे मानक म्हणून १,३,५-ट्रायमिथॉक्सिबेंझिनच्या ०.१ मोलर द्रावणाचे १०० मायक्रोलिटर घाला, ०.७ मिलिलिटर ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्मबरोबर हलवा आणि खालचा थर काढून मोजा. मानकाच्या कड्यावरचे तीन हायड्रोजन ६.०९ पीपीएमला दिसतात, अल्डिहाइडचा एक ९.८८ ला. मानकाचे क्षेत्रफळ ३.०० ठेवा. अल्डिहाइडचे ०.८० आले तर उत्पादित ८० टक्के. नमुने काढून घेतल्याने उत्तर बदलत नाही, कारण आपण संहती मोजतो आहोत. अट एवढीच की द्रावक उडून आकारमान घटलेले नसावे.

मानक सुरुवातीलाच फ्लास्कमध्ये घालू नका. ट्रायमिथॉक्सिबेंझिनवरही इलेक्ट्रॉनांची रेलचेल असते. ते उत्तेजित फ्लेविनला स्वतःच इलेक्ट्रॉन देऊ लागते आणि अभिक्रिया बसते. इतर अभिक्रियांत चालणारी सवय इथे नडते.

पेरॉक्साइडचा बंदोबस्त

अभिक्रिया पूर्ण झाली म्हणजे फ्लास्कमध्ये ०.१ मिलिमोलपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड आहे असे धरा. प्रमाण छोटे आहे, पण सवय आतापासूनच लागू द्या, कारण पुढे मोठ्या प्रमाणावर गेल्यावर हीच सवय वाचवते. पेरॉक्साइडची पट्टी कोरी निघेपर्यंत कुठलेही द्रावण रोटरी बाष्पक यंत्रावर चढवायचे नाही.

सोडियम थायोसल्फेटचे संपृक्त द्रावण २ मिलिलिटर घालून १५ मिनिटे ढवळा आणि पट्टी बुडवा. निळी झाली तर पुन्हा घाला. दोन पर्याय सहज सुचतात आणि दोन्ही इथे चुकीचे आहेत. मँगनीज डायऑक्साइडची चिमूट पेरॉक्साइड झटकन मोडते, पण उरलेल्या बेंझिलिक अल्कोहोलचेही अल्डिहाइड करते आणि उत्पादिताचा आकडा खोटाच फुगतो. सोडियम सल्फाइट किंवा बायसल्फाइट अल्डिहाइडला जोडले जाते, ते पाण्याच्या थरात जाते आणि आकडा घटतो.

मग १० मिलिलिटर एथिल ॲसिटेटने तीनदा निष्कर्षण, मिठाच्या संपृक्त पाण्याने एक धुणे, सोडियम सल्फेटवर सुकवणे आणि दोन-तीन सेंटिमीटर सिलिकातून गाळणे. पिवळा फ्लेविन सिलिकाच्या माथ्यावर अडकतो.

द्रावक म्हणून ईथर किंवा टेट्राहायड्रोफ्युरान कधीही घेऊ नका. हवा आणि प्रकाशात ते स्वतःच स्फोटक पेरॉक्साइड बनवतात.

बिघडले तर

रंग उतरला आणि अभिक्रिया थांबली. फ्लास्क उघडून हलवा. रंग परतला तर ऑक्सिजन कमी पडत होता: ढवळणे वाढवा, मोठा फ्लास्क घ्या. परतला नाही तर उत्प्रेरक नष्ट झाला. साठत जाणारा पेरॉक्साइड आणि लांबलेला प्रकाश दोन्ही त्याला खातात. पुढच्या वेळी उत्प्रेरक दोन हप्त्यांत घाला, निम्मा सुरुवातीला आणि निम्मा तासाभराने.

रंग शाबूत आहे, तरी काही होत नाही. संयुगाकडे पाहा. कड्यावर नायट्रो किंवा सायनो गट असेल तर फ्लेविनला इलेक्ट्रॉन निघत नाही. अल्कोहोलबरोबर अमाइन, फिनॉल किंवा आयोडाइड मिसळलेले असेल तर ते उत्तेजित अवस्था मधल्या मध्ये विझवतात. द्रावकाची बाटली बदलून पाहा. ॲसिटोनमध्ये धुऊन नीट न सुकवलेले काचसामानही संशयितांत धरा.

उत्प्रेरक नसलेल्या फ्लास्कमध्येही अल्डिहाइड दिसते. सुरुवातीच्या अल्कोहोलमध्येच ते होते, किंवा तुमचा दिवा सांगितल्यापेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाशही देतो.

अल्डिहाइडबरोबर आम्लही दिसू लागले. जास्त वेळ ठेवले. अल्डिहाइड हवेत आपसूकही आम्लाकडे जाते, म्हणून नमुने त्याच दिवशी मोजा.

टायटॅनियम डायऑक्साइडने काम करताना

अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाशाने पाण्याचे विघटन दाखवले आणि या पदार्थाकडे सगळ्यांचे लक्ष गेले. त्याच्या ॲनाटेझ या स्फटिकरूपाचा पट्टाभेद, म्हणजे इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात न्यायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. १२४० ला या आकड्याने भागले की ३८७ नॅनोमीटर मिळतात. त्यापेक्षा लांब तरंगलांबीच्या प्रकाशाला ॲनाटेझ दाद देत नाही. रूटाइल या दुसऱ्या रूपाचे ३.० इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ४१३ नॅनोमीटर. तेव्हा इथे ३६५ नॅनोमीटरचा एलईडी हवा.

सरावाचा प्रयोग मिथिलीन ब्लूचा. लिटरला १० मिलिग्रॅम या प्रमाणातले १०० मिलिलिटर द्रावण, त्यात ५० मिलिग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइडची पी-२५ जातीची पूड. ही पूड ॲनाटेझ आणि रूटाइलचे मिश्रण असते आणि तिचे पृष्ठफळ ग्रॅमला ५० चौरस मीटरच्या आसपास. पाच मिनिटे अल्ट्रासोनिक बाथमध्ये धरून गुठळ्या मोडा आणि मग ३० मिनिटे अंधारात ढवळा. या अर्ध्या तासात काही रंग कणांना चिकटतो आणि द्रावण फिकट होते. प्रकाश सुरू करण्याआधीची ही पातळी म्हणजे तुमचे शून्य. हा टप्पा गाळला तर चिकटण्यालाच ऑक्सिडीकरण समजून बसाल. द्रावण आम्लधर्मी असेल तर कणांवर धनभार येतो आणि धनभारित रंग दूर ढकलला जातो, म्हणून सामू नोंदवा.

मग दर दहा मिनिटांनी ३ मिलिलिटर काढून सेंट्रिफ्यूज करा आणि ६६४ नॅनोमीटरला शोषण मोजा. सिरिंज फिल्टर सोपा वाटतो, पण त्याचा पडदा मिथिलीन ब्लू शोषून घेतो. पूड वाढवत नेल्यास लिटरला साधारण एक ग्रॅमनंतर फायदा थांबतो, कारण दुधाळ द्रावण प्रकाश परतवून लावते.

या प्रयोगातून निष्कर्ष काढताना दोन ठिकाणी जपा. मिथिलीन ब्लू ऑक्सिजनविना क्षपण होऊनही रंगहीन होतो आणि हवा मिळताच पुन्हा निळा. आणि तो स्वतः लाल प्रकाश शोषतो, त्यामुळे दृश्य प्रकाशात रंग उडाला म्हणजे तुमचा नवा उत्प्रेरक दृश्य प्रकाशात चालतो असे सिद्ध होत नाही. तसा दावा करायचा असेल तर फिनॉलसारखे रंगहीन संयुग घेऊन क्रोमॅटोग्राफीने मोजा.

सिंगलेट ऑक्सिजन

थायोॲनिसोलपासून सल्फॉक्साइड ही सोपी सुरुवात. ६२ मिलिग्रॅम थायोॲनिसोल, ५ मिलिग्रॅम रोझ बेंगाल, १० मिलिलिटर मिथेनॉल आणि ५३० नॅनोमीटरचा हिरवा एलईडी. ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन सल्फाइड उरकतात, त्यामुळे इथे ०.२५ मिलिमोल पुरतो. वास सहन होणारा नाही, सगळे हूडमध्येच.

द्रावक इथे निकाल ठरवतो. सिंगलेट ऑक्सिजन पाण्यात सुमारे ३.५ मायक्रोसेकंद जगतो, जड पाण्यात त्याच्या कितीतरी पट. म्हणून जड पाण्यात वेग वाढला आणि सोडियम ॲझाइड घातल्यावर बसला, तर सिंगलेट ऑक्सिजनच काम करतो आहे याला बळ मिळते. ॲझाइड विषारी आहे आणि आम्लाशी त्याची गाठ पडू द्यायची नाही.

अल्कीनवर मात्र हायड्रोपेरॉक्साइड बनतात, आणि डाईनवर एंडोपेरॉक्साइड. अल्फा-टर्पिनीनपासून मिळणारे ॲस्करिडोल तापवल्यावर स्फोट होतो. ही संयुगे संहत करायची नाहीत, ऊर्ध्वपातन करायचे नाही, द्रावणातच क्षपण करून टाकायचे. पाठीशी अनुभवी माणूस असल्याशिवाय या बाजूला जाऊ नका.

प्रमाण वाढवताना

१० मिलिलिटरची अभिक्रिया एक लिटरच्या फ्लास्कमध्ये नेली की ती मंदावते, कारण उजेडाची साल तेवढीच राहते आणि अंधार वाढतो. मोठ्या भांड्याऐवजी बारीक नळी घ्या. १ मिलिमीटर आतल्या व्यासाची, प्रकाश जाऊ देणारी फ्लुओरोपॉलिमर नळी काचेच्या दंडगोलावर गुंडाळायची, आतून किंवा बाहेरून एलईडीची पट्टी लावायची आणि पंपाने द्रावण सोडायचे. टी आकाराच्या जोडातून हवा सोडली की द्रावण आणि हवेचे लहान-लहान तुकडे आलटून-पालटून पुढे सरकतात. प्रत्येक तुकड्याला दोन्ही टोकांनी ऑक्सिजन आणि चहूबाजूंनी प्रकाश मिळतो. नळीचे एकूण आकारमान भागिले द्रावण आणि हवा यांचा मिळून प्रवाहवेग, हा राहण्याचा काळ. तो फ्लास्कमधल्या वेळेइतका ठेवून सुरुवात करा आणि पुढे कमी करत जा. नळीच्या टोकाखालच्या भांड्यात थायोसल्फेटचे द्रावण आधीच ओतून ठेवा.